तीन भोकांचा कागद

१. सवडीनं रडणं

"सही करण्याआधी कागद वाचायला सांगा हो त्यांना. इथं माणसं घाईत सह्या करतात आणि सवडीनं रडतात."

वॉर्डातल्या सिस्टरनं धाकटीला हे सांगितलं ते उभ्याउभ्या, हातातला औषधांचा ट्रे सांभाळत. धाकटीच्या कडेवर आठ महिन्यांची ढबू किंचाळत होती. सासरे ट्रॉलीवर डोळे मिटून पडले होते. आणि पलीकडे खिडकीपाशी तिची नणंद, जिला सगळं घर ताई म्हणतं, कारकुनानं पुढं सरकवलेल्या कागदांवर भराभर सह्या करत होती. धाकटीला ढबूचा घसा बसेल याची काळजी होती, सासऱ्यांच्या ओठांच्या रंगाची काळजी होती, घरी गॅस बंद केलाय की नाही याचीही होती. त्यात सिस्टरच्या बोलण्याला जागा कुठली!

"आमच्या ताई बघतात सगळं," ती म्हणाली आणि मांडीवरचा चुरा झटकावा तसं ते बोलणं झटकून मोकळी झाली.

एरवी झटकून टाकणारी बाई ती नव्हेच. काळजी हा तिचा जन्माचा उद्योग. कॉलेजात मैत्रिणी तिला 'दोन कुलपं' म्हणायच्या, कारण एक लावून तिचं समाधान होत नसे. ढबू झोपली की ही तिच्या नाकाशी बोट धरून श्वास मोजायची. आणि नेमका त्या एका दिवशी तिनं कानाडोळा केला.

सासरे सतरा दिवसांनी गेले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलच्या बिलाचं पहिलं पत्र आलं. दहा दिवसांनी दुसरं. दुसरं पत्र मंगळवारी संध्याकाळी धाकटीच्या नवऱ्यानं दिव्याखाली धरून वाचलं आणि तो मटकन खुर्चीत बसला. उरलेल्या बिलाची हमी ताईनं घेतली आहे, सबब सगळी रक्कम तिनं भरावी, असं त्यात होतं. सोबत ताईच्या सहीच्या हमीपत्राची झेरॉक्स होती.

"बाबांची फाइल काढा," आई म्हणाल्या. आई म्हणजे धाकटीच्या सासूबाई. "त्यांनी कागदान् कागद ठेवलाय. बघू काय ते."

नवऱ्यानं कपाट उघडलं. वरच्या फळीवर बाबांचा चष्मा होता, शिसपेन्सिल होती, दाभण होता. फाइलीच्या जागी धुळीत एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता.

सगळे एकमेकांकडे बघत राहिले. ताई सोडून. ताई शांतपणे म्हणाली, "फाइल कशाला हवी? सही माझी आहे. शनिवारी दुपारी कटिंग मशीन घ्यायला माणूस येतोय. मी ठरवून टाकलंय."


२. चौकोनाचा माग

ते कटिंग मशीन म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नसे. सासरे बाइंडर होते. शाळांची रजिस्टरं, वकिलांची बाडं, वाचनालयांची फाटकी पुस्तकं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. ताई पंधराव्या वर्षी त्यांच्या शेजारी बसली ती उठलीच नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांनी दुकान आणि मशीन रीतसर तिच्या नावावर करून दिलं. पाचशे पानांचा गठ्ठा लोण्यासारखा कापणारं ते पातं ताई स्वतः पुसायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. मशीन गेलं म्हणजे दुकान गेलं, आणि दुकान गेलं म्हणजे ताई उरणार ती नुसती कुणाची तरी बहीण म्हणून.

धाकटीच्या बाळंतपणात रात्रंदिवस तिच्या उशाशी बसलेली हीच ताई. "कळा तू दे, काळजी मी करते, नाहीतर दोन्ही कामं तूच करशील," असं म्हणून हसवणारी.

'शनिवारच्या आत ती फाइल सापडलीच पाहिजे,' धाकटीनं मनाशी पक्कं केलं. बाबांनी ठेवलेल्या कागदांत ताईला वाचवणारं काहीतरी असणार. नाहीतर ती कुणी कशाला नेली असती?

बुधवारी सकाळी ढबूला पायांवर घेऊन तिनं आईंना गाठलं.

"फाइल शेवटची कधी पाहिली?"

"पहिलं पत्र आलं त्या दिवशी. तुझ्या नवऱ्यानं काढली, दोन पानं उलटली, डोळे पुसले आणि परत ठेवली."

"मग मधल्या दहा दिवसांत त्या खोलीत कोण कोण गेलं?"

आईंनी बोटं मोजली. "आपण घरातले. तो वसुलीवाला साखरओठ्या गुरुवारी येऊन बसला होता. दुकानातले मामा ताईची किल्ली न्यायला आले होते. आणि..." त्या थबकल्या.

"आणि?"

"माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस. शुक्रवारी थोरला आला होता. मला वाटलं बसलाय बाहेर. मी चहा घेऊन आले तर हा कपाट उघडून उभा. मला बघून असा दचकला, जसा लहानपणी साखरेच्या डब्याशी दचकायचा."

थोरला म्हणजे घरातला मोठा मुलगा. वेगळा राहायचा. पहिलं पत्र आलं तेव्हा भर बैठकीत त्यानंच सुनावलं होतं, "ज्यानं सही केली असेल त्यानं निस्तरावं. मी कुठं सही केलेली नाही." ते वाक्य ताईच्या काळजात रुतलं होतं आणि धाकटीच्याही.

तिनं ढबूला उचललं आणि तडक त्याच्या कचेरीत गेली.

"भाऊजी, स्पष्ट विचारते. बाबांची फाइल तुम्ही नेलीत?"

थोरल्यानं आधी दाराकडं पाहिलं, मग ढबूकडं. ढबूनं त्याची टाचण्यांची डबी लंपास केली होती. ती त्यानं हळूच काढून घेतली.

"न्यायलाच गेलो होतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे गेलो तेव्हा ती तिथं नव्हतीच. कपाट उघडलं तर रिकामा चौकोन. मी बोललो असतो तर तुम्ही सगळे म्हणाला असता, चोराच्या उलट्या बोंबा."

"पण तुम्हाला फाइल कशाला हवी होती?"

त्यानं खण उघडून एक अर्ज पुढं टाकला. पगारातून उचल मिळावी, असा. "बिल नेमकं किती ते बघायचं होतं. निम्मं मी गुपचूप भरणार होतो. ताईला सांगू नकोस. तिला भीक घातल्यासारखं वाटेल."

"मग बैठकीत तसं का बोललात?"

"रागावलो होतो. बाबांवर. जायची घाई केली म्हणून." त्यानं नाक शिंकरलं. "आता जा, साहेब येतील. आणि हिच्या तोंडात टाचणी नाही ना, बघ आधी."

धाकटीनं ढबूचं तोंड दोनदा तपासलं. जिना उतरता उतरता तिला एकदम उमगलं: थोरला कपाटाशी गेला तो गेल्या शुक्रवारी. म्हणजे फाइल त्याच्याही आधीच नाहीशी झाली होती. आणि गुरुवारी त्या खोलीत एकटा बसला होता तो साखरओठ्या!


३. मऊ आवाज

साखरओठ्या हे नाव आईंनी ठेवलेलं. हॉस्पिटलनं थकलेली बिलं वसूल करायचं काम ज्या बाहेरच्या कंपनीला दिलं होतं, तिचा हा माणूस. इतका मऊ बोलायचा की ऐकणाऱ्यालाच अपराधी वाटावं.

बुधवारी दुपारी तो आपणहून आला. "शनिवारचं नक्की ना, एवढंच विचारायला आलो होतो. ताईंसारखी लेक असावी बघा. हल्ली कोण करतं?"

ताई दुकानात होती. आईंनी तोंड फिरवलं. धाकटीनं मात्र पाणी दिलं, समोर बसली आणि झेरॉक्स मांडीवर उलगडली.

"एक विचारू? तुमच्या पहिल्या पत्रात लिहिलं होतं, 'आमच्या नोंदीत हमीदार आढळत नाही, कुटुंबीयांनी संपर्क साधावा.' मग दहा दिवसांत हमीदार कुठून उगवला?"

पहिलं पत्र तिनं ढबूच्या लशींच्या कार्डामागं खोचून ठेवलं होतं. ती काही फेकत नसे.

"जुने कागद असतात, मॅडम. शोधले की सापडतात."

"हॉस्पिटलमध्ये सापडला?"

"सापडला हे महत्त्वाचं."

"आणि हे मागं फिकट फिकट काय दिसतंय? मजकुराच्या मधून आडव्या रेघा गेल्यासारखं."

"मशीनचा डाग." तो हसला. "झेरॉक्सवाले काच पुसत नाहीत."

"तुम्ही गेल्या गुरुवारी इथं बसला होतात. या खोलीत. एकटे."

त्याचं हसू किंचित आखडलं. "बाई, मी कपाटं फोडत नाही. मला गरजच पडत नाही. माझ्या धंद्यात लोक कागद आपल्या हातानं आणून देतात." तो उठला आणि चपलेत पाय सरकवता सरकवता आईंकडं वळला. "बरं झालं हमी मिळाली. नाहीतर सगळं या माउलीच्या नावावर आलं असतं, पत्नी म्हणून. या वयात नोटिसा बऱ्या नव्हेत."

तो गेला. आईंनी दाराची कडी लावली. "लबाड आहे मेला," त्या म्हणाल्या, "पण आत्ता खोटं बोलला नाही."

धाकटीलाही तसंच वाटलं, आणि त्यानंच तिची झोप उडाली. कागद आपल्या हातानं आणून देतात. कुणाच्या हातानं?

ढबूनं तेवढ्यात झेरॉक्सचा कोपरा तोंडात घातला. धाकटीनं तो ओढून काढला, पुसला, खिडकीच्या उजेडात वाळत धरला, आणि तशीच थिजून उभी राहिली. कागदाच्या डाव्या कडेला, कोऱ्या समासात, तीन बारीक काळे ठिपके होते.


४. मालकांची भोकं

गुरुवारी ती दुकानात गेली तेव्हा तिथं खळीचा वास कोंदला होता. मामा पुठ्ठ्यांना कापड चिकटवत बसले होते. सासऱ्यांच्या हाताखाली त्यांनी उभी हयात काढली होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. खळ लावायची तेवढी हाताच्या सवयीनं. "सुई-दोऱ्याचं काम ताईकडं," ते सांगायचे, "मला सुईसुद्धा दिसत नाही, तिचं भोक काय दिसणार!"

ताई माल पोचवायला बाहेर गेली होती.

"मामा, हे ठिपके बघा. बघा म्हणजे..." तिला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली.

"तूच बघून सांग. किती आहेत?"

"तीन. पण अंतर सारखं नाही. वरचा ठिपका लांब आहे, खालचे दोन जवळजवळ."

मामांचा हात थांबला. खळीचा ब्रश वाटीत पडला. मग ते अभिमानानं हसले, दात नसलेलं, मोकळं हसू.

"मालकांची भोकं! अगं, सगळं जग भोकं सारख्या अंतरावर पाडतं. मालक म्हणायचे, सारखं अंतर म्हणजे आंधळा कागद. वरचं लांब ठेवलं की न बघता नुसत्या बोटानं कळतं, पान सुलटं आहे की उलटं. घरचे सगळे कागद ते असेच शिवायचे. स्टेपलची तार त्यांना बघवत नसे. म्हणायचे, तार गंजते, कागद मरतो. पण हे फक्त घरच्यासाठी हं. गिऱ्हाईकाचं काम सरळ, सारख्या अंतराचं."

"म्हणजे ही झेरॉक्स हॉस्पिटलच्या कागदावरून काढलेली नाही. बाबांच्या फाइलीतल्या कागदावरून काढलीय."

"उघड आहे."

"मामा, आता नीट ऐका. शिवलेल्या फाइलीतल्या पानाची झेरॉक्स काढायची तर आपल्यासारखी माणसं काय करतात?"

"फाइल उलटी मुडपतात, काचेवर दाबतात. कडेला काळी सावली येते. येडपट काम."

"इथं सावली नाही. समास लख्ख कोरा आहे. दोराही दिसत नाही, नुसती भोकं. आणि कागद कुठं फाटलेला नाही."

मामांनी वाटीतला ब्रश उचलला आणि परत ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"म्हणजे कुणीतरी दोरा उसवला," धाकटी पुढं म्हणाली. "चोरानं पान फाडलं असतं. भाऊजींनी मुडपलं असतं. साखरओठ्यानं अख्खी फाइल पिशवीत घातली असती. घाईतसुद्धा दोरा उसवून पान सुटं करणारा माणूस म्हणजे..."

"माझ्याकडं बघू नकोस," मामा हळूच म्हणाले. "मला दोरा दिसत नाही."

"माहीत आहे, मामा."

दुकानात दोघंच होती, आणि दोघांनाही आता तिसरं नाव ठाऊक होतं. नेमकं तेवढ्यात बाहेर सायकल उभी केल्याचा आवाज झाला.


५. लांब टाका, आखूड टाका

"अगं, तू इथं? ढबूला खळीचा वास सोसत नाही ना!" ताई आत आली, ढबूला उचललं, तिच्या पोटात नाक खुपसलं. ढबू खिदळली. धाकटीला वाटलं, आत्ताच इथून निघून जावं. चोर सापडल्याचा आनंद होतो म्हणतात. तिला मात्र ताईकडं बघवत नव्हतं.

पण शनिवार दोन दिवसांवर होता.

"ताई, भाऊजींना बोलावलंय मी. येतीलच. तोवर मला एक काम करू दे."

ती मागच्या रॅककडं गेली. तिथं बांधून तयार असलेल्या रजिस्टरांची चळत होती, खाकी पुठ्ठ्यांची, पन्नासेक तरी. फाइल घरात ठेवली असती तर सापडली असती. बाहेर फेकायचं काळीज ताईचं नव्हतं. मग उरली ही चळत. धाकटीनं डोळे मिटले आणि एकेका रजिस्टराच्या शिवणीवरून बोट फिरवत गेली. सारखा टाका, सारखा टाका. सारखा. सारखा. थोरला आला, दारातच थबकला. खालून बाराव्या रजिस्टरावर तिचं बोट अडखळलं.

वरचा टाका लांब, खालचा आखूड.

तिनं ते ओढून काढलं. वरून खाकी पुठ्ठा नवा, आत बाबांची फाइल. दोरा पांढराशुभ्र. बाबा तपकिरी मेणाचा दोरा वापरायचे. तो संपल्यावर ताईनं पांढरा आणला होता.

"झेरॉक्स काढून झाल्यावर पुन्हा शिवलीस," धाकटी म्हणाली. "त्याच भोकांतून. पानं सुटीच ठेवली असतीस तर कुणाला कळलं नसतं. पण बाबांचं काम उसवलेलं ठेवणं तुला जमलंच नाही ना, ताई?"

ताईनं ढबूला मामांच्या मांडीवर दिलं. मग स्टुलावर बसली, ताठ.

"नाही जमलं," ती म्हणाली.

"म्हणजे हमीपत्र तू स्वतःच नेऊन दिलंस?" थोरला ओरडलाच. "स्वतःच्या गळ्यात स्वतःच दोर? का?"

"ओरडू नको, दादा. साखरओठ्या दुकानात आला होता. म्हणाला, हमीदार नसेल तर बायकोवर येतं. आईला नोटीस जाईल, कुणीतरी दारात येऊन उभं राहील. आईला! मग मला आठवलं, भरतीच्या दिवशी मी सही केली होती, आणि तो कागद बाबांनी ट्रॉलीवरूनच माझ्या हातातून घेतला होता. 'दे इकडं, मी जमा करतो.' वॉर्डात त्यांनी फाइल आणि सुई-दोरा उशाशी मागवून घेतला होता ना, त्या फाइलीत बघितलं तर तसाच शिवलेला. त्यांनी जमा केलाच नव्हता. मग मी केला."

"पण आम्ही मेलो होतो का?" थोरल्याचा आवाज फुटला. "अगं, मी उचल मागितलीय कचेरीत!"

"तू बैठकीत काय म्हणालास?"

"मूर्खासारखं बोललो!"

"मला कसं कळणार, कुठलं मूर्खासारखं आणि कुठलं शहाण्यासारखं? तुझा चेहरा दोन्ही वेळी सारखाच असतो."

मामांना हसू आवरेना, आणि त्यांच्या हसण्यानं ढबूलाही. धाकटीनं डोळे पुसले. "या घरात प्रत्येकाला एकट्यानंच बुडायची हौस," ती म्हणाली. "भाऊजी गुपचूप निम्मं भरणार, ताई गुपचूप मशीन विकणार, आणि आई तिकडं रात्रभर जाग्या."

ताईनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, धार होती. "मी त्यांचा धंदा घेतला. त्यांचं कसब घेतलं. त्यांची गिऱ्हाइकं अजून मला त्यांच्या नावानं ओळखतात. मग त्यांची बिलं तेवढी घ्यायची नाहीत? उद्या कुणी म्हणेल, बाइंडरनं हॉस्पिटलला बुडवलं. ते मी ऐकून घेणार नाही."

"ते तू घ्यावंस असं त्यांना वाटत होतं का?"

ताईनं धाकटीच्या हातातल्या फाइलीकडं पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

धाकटीनं झेरॉक्स वर धरली. "साखरओठ्या म्हणाला, हा मशीनचा डाग. डाग असा ओळीत येत नाही. कागदाच्या मागं कुणीतरी जाड पेन्सिलीनं लिहिलंय. झेरॉक्स तू एकाच बाजूची काढलीस, ताई. मागच्या बाजूला काय आहे?"

ताईनं फाइल हातात घेतली, पानं उलटली आणि ते एक पान पाठमोरं करून समोर ठेवलं. बाबांची ती जाड, उतरती अक्षरं, झोपून लिहिल्यामुळं थोडी घसरलेली:

'लेकीनं सही केली. मी हा हमीचा कागद जमा करत नाही. आजार माझा, देणं माझं. माझ्यामागं माझं म्हणून जे उरेल ते घ्यावं. पोरांना विचारू नये.'

खाली सही आणि तारीख. भरतीची तारीख.

थोरल्यानं ते दोनदा वाचलं. मग हळूच पाठ फिरवली आणि मशीनच्या थंड पात्यावर तळहात ठेवून उभा राहिला.


६. खिडकीच्या पलीकडं

शनिवारी सकाळी ते सगळे हॉस्पिटलच्या हिशेबखात्यात गेले. साखरओठ्या आधीच तिथं होता. खिडकीमागं जाड भिंगांच्या बाई होत्या. त्यांनी मूळ कागद उलटसुलट पाहिला, नंतर आपली नोंदवही चाळली, नंतर साखरओठ्याकडं पाहिलं.

"यावर आमच्या माणसाची सही नाही. शिक्का नाही. आमच्या वहीत भरतीच्या दिवशी हमीदाराचा रकाना कोरा आहे. आगाऊ रक्कम पेशंटनं स्वतः भरलीय." त्यांनी चष्मा सारखा केला. "तुमच्या कंपनीनं ही हमी कधी धरली? माणूस गेल्यावर महिन्यानं?"

"कुटुंबानं स्वखुशीनं दिली," साखरओठ्या मऊपणे म्हणाला.

"आईला नोटीस जाईल म्हणून घाबरवल्यावर," धाकटी म्हणाली. "पहिलं पत्र माझ्याकडं आहे. आईंनी कुठंही सही केलेली नाही. त्यांच्यावर बिल येतं का?"

बाईंनी मान हलवली. "इथल्या नियमात नाही येत. पेशंटचं देणं पेशंटच्या मागं जे राहिलं त्यातून. बँकेत असेल ते, वस्तू असतील त्या. ते संपलं की आमचा कागद बंद. घरच्यांच्या खिशात हात घालायचा नाही, हे यांनाही माहीत आहे." मग साखरओठ्याला त्या जरा मोठ्यानंच म्हणाल्या, "तुम्ही साहेबांना भेटून जा. बसा तिथं." तो बसला. मांडीवरचे कागद तो उगाचच सरळ करत राहिला.

ताई पुढं झाली. पिशवीतून बाबांचं बँकेचं पुस्तक काढून तिनं खिडकीत ठेवलं.

"हे त्यांचं. यातला पैसा न् पैसा घ्या. शेवटपर्यंत घ्या आणि पावती द्या, त्यांच्या नावाची. माझ्या नाही. त्यांनी दिलं असं लिहा."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं, हळूहळू, नीट अक्षरात पावती लिहिली. आईंनी ती घेतली, वाचली आणि मान ताठ करून अख्ख्या रांगेकडं पाहिलं. सून म्हणून आल्यापासून धाकटीनं त्यांना अशी मान ताठ करताना एकदाच पाहिलं होतं, ढबूला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा.

"माझ्या नवऱ्यानं स्वतःचं स्वतः दिलं," त्या रांगेतल्या कुणालाच उद्देशून म्हणाल्या. "कुणाचं बुडवलं नाही. आणि आमच्या धाकटीनं ते शोधून काढलं. ही. हीच ती, दोनदा कुलूप ओढून बघणारी."

धाकटी लाजून ढबूचं टोपडं सारखं करू लागली. ते आधीच सारखं होतं.

दुपारी मशीन न्यायला माणूस आला. ताईनं त्याला पाणी दिलं, मशीन विकायचं नाही म्हणून सांगितलं, आणि आलाच आहेस तर तुझ्या पोराच्या वह्या बांधून देते म्हणाली. संध्याकाळपर्यंत दुकानातून पात्याचा खच्-खच् आवाज येत होता, आणि थोरला, ज्याला आयुष्यात कधी सरळ कागद धरता आला नव्हता, तो शेजारी उभा राहून बहिणीच्या शिव्या खात गठ्ठे धरत होता.

गोष्ट एवढीच. पण हिशेबखात्यातून निघताना धाकटीनं साखरओठ्याच्या मांडीवरचा जाडजूड गठ्ठा पाहिला होता. त्यात बाबांचा एकच कागद होता. बाकीचे कुणाकुणाचे होते. कुठल्या तरी आईचे, कुठल्या तरी ताईचे.

म्हणून ती तुम्हालाच सांगते आहे. तुमच्या ओळखीत गेल्या वर्षभरात कुणाच्या घरचं माणूस गेलं असेल, तर आज त्या घरी जाऊन या. सांत्वनाचे शब्द नसले तरी चालतील. त्या घरात जो 'मी बघते', 'मी निस्तरतो' म्हणून सगळ्यांना गप्प करतो ना, त्याच्याशेजारी बसा आणि विचारा: पत्र आलंय का? कुणी भेटून गेलं का? कशावर सही दिलीत का? तो नाही म्हणेल. तरी बसून राहा. आणि दुसऱ्यांदा विचारा.